मिश्रण की संयुग? पदार्थ तपासण्याचा योग्य क्रम

मिश्रण आणि संयुग यांच्या व्याख्या बहुतेकांना पाठ असतात. अडचण येते ती एखादा पदार्थ प्रत्यक्ष समोर ठेवल्यावर. मिठाचे पाणी नितळ दिसते म्हणून त्याला संयुग म्हटले जाते, मोरचूद (निळे कॉपर सल्फेट) तापवल्यावर पाणी सोडते म्हणून ते मिश्रण ठरते, आणि ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात म्हणून तोही संयुगांच्या यादीत जाऊन बसतो. या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. निकाल एकाच खुणेवरून दिला जातो, आणि ती खूण त्या क्षणी निकाल देण्याइतकी भक्कम नसते. म्हणून या लेखात व्याख्यांपेक्षा तपासणीच्या क्रमावर भर दिला आहे. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण नंतरच्या काही चाचण्यांत नमुना कायमचा बदलतो आणि मग आधीची चाचणी पुन्हा करता येत नाही.

## पूर्वतयारी

प्रश्न नेमका मांडून घ्यावा. संयुगात दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचे अणू रासायनिक बंधांनी ठरावीक प्रमाणात जोडलेले असतात. मिश्रणात दोन किंवा अधिक पदार्थ एकमेकांत मिसळलेले असतात, पण प्रत्येकाची रासायनिक ओळख कायम राहते. यातून तपासणीचे दोन प्रश्न निघतात. घटकांचे प्रमाण हवे तसे कमी-जास्त करता येते का? आणि घटक वेगळे करताना जे मुळात होते तेच परत मिळते, की वेगळ्याच गुणधर्मांचे नवे पदार्थ हाती येतात? हे दोन्ही प्रश्न वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावेत. पुढची प्रत्येक चाचणी यांपैकी कोणत्या तरी एका प्रश्नाचे उत्तर शोधत असते.

येथे ‘घटक’ या शब्दाविषयी सावध राहायला हवे. मिठाच्या पाण्याचे घटक मीठ आणि पाणी हे आहेत. सोडिअम, क्लोरीन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे नव्हेत. ही चार मूलद्रव्ये मीठ आणि पाणी या दोन संयुगांचे घटक आहेत. या दोन पातळ्या एकत्र झाल्या की पुढचा सगळा विचार गोंधळतो.

साहित्य. भिंग, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला चुंबक, ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, नरसाळे व गाळणकागद, चंचुपात्रे, बाष्पनपात्र, तापमापी, परीक्षानळ्या, परीक्षानळीचा चिमटा आणि डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा एवढे पुरते. चुंबक पिशवीत गुंडाळण्याचे कारण साधे आहे: उघड्या चुंबकाला चिकटलेला लोहकीस पूर्णपणे काढता येत नाही आणि त्यामुळे वजनाचा हिशेब चुकतो.

नमुन्याचे भाग. नमुना नीट ढवळून त्याचे चार भाग करावेत. एक भाग शेवटपर्यंत न वापरता तुलनेसाठी ठेवावा. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि मग ‘आधी रंग कसा होता’ हे आठवणीवर अवलंबून राहते.

सावधान: अनोळखी पदार्थाची चव घेऊ नये, त्याचा थेट वास घेऊ नये आणि तो एकदम तापवू नये.

## टप्पा १ : पाहावे, पण निकाल देऊ नये

नमुना भिंगाखाली पसरावा. दोन वेगळ्या रंगांचे किंवा आकारांचे कण दिसले, तर ते विषमांगी मिश्रण आहे असे पुष्कळ खात्रीने म्हणता येते. मात्र याचे उलट खरे नाही. सर्वत्र सारखा दिसणारा पदार्थ संयुग असेलच असे नाही. तो मूलद्रव्य असेल, संयुग असेल किंवा समांगी मिश्रण असेल. मिठाचे पाणी, हवा आणि पितळ ही तिन्ही समांगी मिश्रणे आहेत आणि भिंगातून त्यांच्यात काहीही वेगळे दिसत नाही, कारण त्यांतील कण अणू, आयन किंवा रेणू इतके लहान असतात.

द्रव असेल तर अंधाऱ्या जागी त्यातून प्रकाशाचा अरुंद झोत सोडून बाजूने पाहावे. झोताची वाट स्पष्ट दिसली तर द्रवात न विरघळलेले कण (कलिलाचे अतिसूक्ष्म किंवा निलंबनाचे मोठे) आहेत, म्हणजेच ते मिश्रण आहे. वाट दिसली नाही तर ते खरे द्रावण असेल किंवा शुद्ध द्रव असेल. यापुढे डोळ्यांवर विसंबता येणार नाही.

तपासणी: या टप्प्यानंतर वहीत फक्त ‘विषमांगी’ किंवा ‘समांगी’ एवढेच लिहिलेले असावे. ‘संयुग’ हा शब्द आत्ताच लिहिला असेल तर तो खोडावा.

## टप्पा २ : मूलद्रव्य असण्याची शक्यता बाजूला करावी

हा टप्पा छोटा आहे. रेणू आणि संयुग हे समानार्थी शब्द नव्हेत. ऑक्सिजनच्या रेणूत दोन, ओझोनच्या रेणूत तीन आणि सामान्य गंधकाच्या रेणूत आठ अणू असतात, पण ते सगळे एकाच मूलद्रव्याचे असल्याने यांपैकी कोणीही संयुग नाही. उलट बाजूने, मीठ हे संयुग आहे, पण त्याच्या स्फटिकात सुटे रेणू नसतात. सोडिअम आणि क्लोराइड आयनांची १ : १ प्रमाणातील सलग रचना असते. म्हणून ‘रेणू आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. ‘किती प्रकारचे अणू आहेत आणि ते बंधांनी जोडलेले आहेत का?’ असे विचारावे.

## टप्पा ३ : भौतिक पद्धतींनी वेगळे करण्याचा प्रयत्न

भौतिक पद्धतींचाही क्रम असतो. ज्या पद्धतीने नमुन्यात सर्वात कमी फेरफार होतो ती आधी वापरावी: प्रथम चुंबक, मग पाण्यात विरघळवणे, नंतर गाळणे, त्यानंतर सौम्य बाष्पीभवन किंवा ऊर्ध्वपातन (द्रव उकळून त्याची वाफ थंड करून गोळा करणे) आणि सर्वांत शेवटी संप्लवन (घन पदार्थाची न वितळता थेट वाफ होणे). रंगीत द्रव असेल तर गाळणकागदाच्या पट्टीवर त्याचा लहान ठिपका देऊन, ठिपका पाण्याच्या पातळीच्या वर राहील अशा बेताने पट्टीचे टोक पाण्यात बुडवावे. अनेक काळ्या शायांचा ठिपका अशा पट्टीवर वेगवेगळ्या रंगांत पसरतो.

वाळू, मीठ आणि लोहकीस यांचे मिश्रण सरावासाठी उत्तम आहे. प्रत्येकी १० ग्रॅम घेऊन पुढील क्रम पाळावा.

१. कोरडे मिश्रण कागदावर पातळ पसरवून त्यावरून चुंबक तीन-चार वेळा फिरवावा. पिशवी उलटी करून लोहकीस वेगळ्या कागदावर सोडावा.

२. उरलेल्या मिश्रणात सुमारे ५० मिलिलिटर पाणी घालून ढवळावे. मीठ विरघळते, वाळू तळाशी राहते.

३. गाळून घ्यावे आणि गाळणकागदावरील वाळू थोड्या स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावी. हे धुण्याचे पाणीही गाळलेल्या द्रवातच जमा करावे.

४. गाळलेला द्रव बाष्पनपात्रात घेऊन मंद आचेवर आटवावा. पात्रात थोडेच पाणी उरले की आच बंद करून उरलेले पाणी तसेच सुकू द्यावे.

५. तिन्ही पदार्थ कोरडे झाल्यावर वजन करावे.

क्रम उलटला तर काय होते हे येथे स्पष्ट दिसते. पाणी आधी घातले तर ओला लोहकीस वाळूला चिकटतो आणि काही वेळाने गंजू लागतो. म्हणजे वेगळे करण्याच्या नादात एक रासायनिक बदल घडून जातो. वाळू धुतली नाही तर मिठाचे वजन कमी भरते. आच शेवटपर्यंत मोठी ठेवली तर मीठ तडतडून पात्राबाहेर उडते आणि तूट ‘मीठ पाण्याशी जोडले गेले’ या चुकीच्या निष्कर्षाला आधार देते.

तपासणी: मिळालेल्या वजनांची बेरीज सुरुवातीच्या ३० ग्रॅमच्या जवळ यायला हवी, आणि प्रत्येक पदार्थ मूळच्या पदार्थासारखाच वागायला हवा. परत मिळालेले मीठ पुन्हा पाण्यात विरघळते, लोहकीस पुन्हा चुंबकाला चिकटतो. या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच तो मिश्रणाचा भक्कम पुरावा ठरतो.

आता या टप्प्यातील तीन फसव्या जागा पाहू.

पहिली, साखरेचे पाणी. ते जोरात तापवले तर शेवटी तपकिरी-काळा चिकट अवशेष उरतो आणि ‘साखर परत मिळत नाही, म्हणून हे संयुग आहे’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात साखरच उष्णतेने विघटित झालेली असते. साखरेचे द्रावण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पात्रात सावकाश आटवावे.

दुसरी, नवसागर (अमोनियम क्लोराइड). नवसागर आणि मीठ यांचे मिश्रण तापवले की नवसागर वर जाऊन थंड भागावर पांढरा थर धरतो, आणि वेगळा करण्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. मात्र तापवताना त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत विघटन होते आणि थंड पृष्ठभागावर ते पुन्हा जुळून नवसागर तयार होतो. म्हणून ‘बाहेरून संप्लवनासारखे दिसले, म्हणजे आत रासायनिक बदल झालाच नाही’ असे गृहीत धरू नये.

तिसरी जागा पितळाची, आणि माझ्या मते ती सर्वात महत्त्वाची आहे. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे संमिश्र, म्हणजे धातूंचे मिश्रण आहे. ते चुंबकाने, पाण्याने किंवा गाळणीने वेगळे होत नाही, म्हणून अनेकजण त्याला संयुग म्हणतात. पण आपल्या हातातील साधने अपुरी असणे हा संयुगाचा पुरावा नव्हे. जस्ताचा उत्कलनांक ९०७ अंश सेल्सिअस आहे आणि तांब्याचा २५०० अंशांहून अधिक. योग्य साधनांनी निर्वातात पितळ तापवले तर जस्ताची वाफ बाजूला होते. शिवाय तांबे व जस्त यांचे प्रमाण विस्तृत मर्यादेत बदलून वेगवेगळी पितळे बनवता येतात. म्हणून वेगळे न झालेल्या नमुन्यापुढे या टप्प्यात ‘संयुग’ न लिहिता ‘अद्याप वेगळे झाले नाही’ असे लिहावे आणि पुढे जावे.

## टप्पा ४ : द्रवणांक आणि उत्कलनांक

शुद्ध संयुग ठरावीक दाबाखाली ठरावीक तापमानाला वितळते किंवा उकळते, निदान ज्यांचे आधीच विघटन होत नाही अशी संयुगे तरी. मिश्रण सहसा तापमानाच्या पट्ट्यात वितळते आणि उकळताना त्याचे तापमान सरकत राहते.

द्रवासाठी पुढील पद्धत वापरावी. नमुन्यासोबत त्याच ठिकाणी, त्याच तापमापीने शुद्ध पाणी उकळून त्याचे तापमान आधी नोंदवावे. पाणी १०० अंशांना उकळते हे समुद्रसपाटीच्या दाबाला खरे आहे. उंचावर ते दर ३०० मीटरमागे साधारण एका अंशाने कमी तापमानाला उकळते. ही तुलना न करता ‘९८ अंशांना उकळले, म्हणून पाणी अशुद्ध’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. किंबहुना विरघळलेल्या मिठाने उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवल्यास उत्कलनांक दीड ते दोन अंशांनी वर जातो, आणि पाणी उडत जाईल तसतसा तो आणखी चढतो.

तापमापीचा फुगा कोठे आहे याकडे लक्ष द्यावे. द्रावणाच्या उकळण्याचे तापमान हवे असेल तर फुगा द्रवात बुडालेला असावा, पण पात्राच्या तळाला टेकलेला नसावा. ऊर्ध्वपातनात वाफेचे तापमान हवे असेल तर तो वाफ बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडासमोर असावा. मिठाच्या पाण्यातून निघणारी वाफ केवळ पाण्याची असल्याने तेथे तापमापी शुद्ध पाण्याचेच तापमान दाखवते.

घन पदार्थासाठी बारीक भुकटी करून ती एका बाजूने बंद केलेल्या केशनलिकेत (अतिशय बारीक काचनळीत) भरावी आणि अपेक्षित द्रवणांकाच्या जवळ आल्यावर तापमान मिनिटाला एक ते दोन अंशांपेक्षा जलद वाढू देऊ नये. घाई केली तर तापमापी मागे पडते आणि शुद्ध पदार्थही तापमानाच्या पट्ट्यात वितळल्यासारखा भासतो. शुद्ध नॅप्थॅलीन सुमारे ८० अंशांना झटकन वितळते. त्यात थोडी भेसळ असली तरी वितळणे आधी सुरू होते आणि रेंगाळते.

एक जुनी आणि अतिशय खात्रीची युक्ती येथे सांगायला हवी. युरिया आणि सिनॅमिक आम्ल हे दोन्ही पांढरे घन पदार्थ असून दोहोंचे द्रवणांक १३३ अंशांच्या आसपास आहेत. केवळ द्रवणांकावरून ते ओळखता येणार नाहीत. पण दोन्ही समान भागांत खलून वितळवले, तर मिश्रण १३३ अंशांच्या बरेच आधी वितळू लागते. अनोळखी नमुना ज्ञात पदार्थात मिसळून पाहावा: द्रवणांक तसाच राहिला तर दोन्ही एकच असण्याची शक्यता मोठी, घसरला तर ते निश्चितच वेगळे.

सावधान: तापमान स्थिर राहिले म्हणजे संयुग, असे समीकरण मांडू नये. इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण, त्यात वजनाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल असेल तेव्हा, ७८.२ अंशांना एखाद्या शुद्ध द्रवासारखे स्थिर तापमानाला उकळते. कथिल-शिशाचे सुमारे ६२ टक्के कथिल असलेले संमिश्र १८३ अंशांना एकदम वितळते. मिठाचे संपृक्त (आणखी मीठ विरघळू शकत नाही असे) द्रावणही, तळाशी मीठ साचत असताना, १०९ अंशांच्या आसपास स्थिर राहते. इथेनॉल-पाण्याच्या बाबतीत दाब बदलून पाहावा. दाब बदलला की स्थिर तापमानाला उकळणाऱ्या त्या मिश्रणातील घटकांचे प्रमाणही बदलते. संयुगाचे सूत्र दाबाने असे सरकत नाही.

## टप्पा ५ : लोह आणि गंधक, एकाच प्रमाणाची दोन रूपे

आतापर्यंतचे टप्पे दिलेल्या नमुन्याचे होते. पण मिश्रण आणि संयुग यांतील फरक खऱ्या अर्थाने कळतो तो तीच दोन मूलद्रव्ये, त्याच प्रमाणात, दोन्ही रूपांत शेजारी ठेवल्यावर. हा प्रयोग बहुतेक ठिकाणी केला जातो आणि बहुतेक वेळा चुकतो, म्हणून तो सविस्तर देत आहे.

प्रमाण. लोहाचे अणुवस्तुमान सुमारे ५६ आणि गंधकाचे ३२ आहे. आयर्न सल्फाइडमध्ये त्यांचे अणू १ : १ असतात, म्हणजे वस्तुमानाचे प्रमाण ५६ : ३२, अर्थात ७ : ४. बारीक लोहकीस ७ ग्रॅम आणि गंधकाची भुकटी ४ ग्रॅम तोलून घ्यावी, आणि कागदावर हलवत एकजीव करावी. लोहकीस गंजलेला किंवा तेलकट नसावा.

हे ११ ग्रॅम मिश्रण अजून मिश्रणच आहे, प्रमाण नेमके ७ : ४ असूनसुद्धा. ठरावीक प्रमाण हे संयुगाचे लक्षण आहे, पण त्या प्रमाणात पदार्थ एकत्र ठेवल्याने संयुग होत नाही. अणूंमध्ये बंध तयार व्हावे लागतात. हे पटवण्यासाठी तापवण्यापूर्वी तीन चाचण्या कराव्यात. भिंगातून पिवळे व करडे कण वेगळे दिसतात. चुंबकाने लोहकीस बाजूला येतो. चिमूटभर मिश्रण पाण्यात टाकले तर लोहकीस बुडतो आणि गंधकाची भुकटी बरीचशी वर तरंगते. गंधकाची घनता पाण्याच्या दुप्पट असूनही तो तरंगतो, कारण पाणी त्याच्या बारीक कणांना भिजवत नाही. म्हणून जोराने ढवळल्यास तोही खाली जातो आणि चाचणी बिघडते.

तापवणे. येथे प्रमाणापेक्षा मात्रा महत्त्वाची आहे. सगळे ११ ग्रॅम तापवू नयेत. फक्त सुमारे २ ग्रॅम मिश्रण लहान, उष्णतारोधक काचेच्या परीक्षानळीत घ्यावे.

१. नळीच्या तोंडाशी न जळणाऱ्या मिनरल वूलचा सैल बोळा ठेवावा. गंधकाची वाफ बाहेर येऊन पेटू नये यासाठी तो असतो. कापूस वापरू नये. तो स्वतःच पेटतो.

२. नळी तिरपी धरून तळाशी ज्योत द्यावी. गंधक सुमारे ११५ अंशांना वितळतो, त्यामुळे आधी मिश्रण काळपट, ओलसर दिसू लागते. हा केवळ भौतिक बदल आहे. येथे ज्योत काढली तर प्रयोग अर्धवट राहतो.

३. तळाशी नारिंगी लाली दिसताच ज्योत बाजूला करावी. लाली स्वतःहून वर सरकत जाते. बाहेरून उष्णता न देता ती पसरते, याचा अर्थ अभिक्रियाच उष्णता देत आहे.

४. लाली विझल्यावर नळी पूर्ण थंड होऊ द्यावी. मग ती जाड कापडात गुंडाळून फोडावी आणि काचेचे तुकडे चिमट्याने वेगळे करून करडा-काळा गोळा खलात घ्यावा.

सावधान: हे काम प्रयोगशाळेत, जाणकारांच्या देखरेखीखाली आणि फ्यूम हूडमध्येच (वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटात) करावे. निसटलेला गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि दम्याच्या रुग्णांना तो अगदी थोड्या प्रमाणातही त्रासदायक ठरतो.

तुलना. आता त्याच तीन चाचण्या या गोळ्याच्या भुकटीवर कराव्यात. भिंगातून पिवळे कण दिसत नाहीत. पाण्यात गंधक वेगळा होऊन तरंगत नाही. चुंबकाची चाचणी मात्र अनेकांना निराश करते, कारण भुकटी थोडीशी चुंबकाकडे ओढली जाते. यावरून ‘संयुगातही लोहाचा गुणधर्म टिकला’ असे लिहिलेले मी कितीतरी वह्यांमध्ये पाहिले आहे. कारण बहुधा साधे असते: काही लोहकीस अभिक्रियेविना उरलेला असतो. लोहकीस जाडा असेल, मिश्रण नीट केलेले नसेल किंवा गंधकाची काही वाफ निघून गेली असेल, तर हे हमखास घडते. समजा, १० ग्रॅम लोह आणि ४ ग्रॅम गंधक घेतला, तर ४ ग्रॅम गंधक ७ ग्रॅम लोहाशीच संयोग पावतो; ११ ग्रॅम सल्फाइड तयार होते आणि ३ ग्रॅम लोह तसेच राहते. चुंबक त्या ३ ग्रॅमना ओढतो. हाती आलेला गोळा तेव्हा संयुग आणि मूलद्रव्य यांचे मिश्रण असतो, आणि तसेच लिहावे.

संयुगाचे प्रमाण आपल्या इच्छेने ठरत नाही, ही गोष्ट या उरलेल्या लोहाइतकी स्पष्टपणे दुसऱ्या कशातूनही कळत नाही. म्हणून कमी-जास्त प्रमाण घेऊन झालेला ‘चुकलेला’ प्रयोग फेकून देऊ नये. त्याची नोंद जपून ठेवावी.

आम्लाची चाचणी. मूळ मिश्रणाची चिमूट विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली तर लोहापासून हायड्रोजन निघतो आणि गंधक न विरघळता राहतो. सल्फाइडचे एक-दोन कण त्याच आम्लात टाकले तर कुजलेल्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड निघतो. दोन्ही वायू वेगळे, म्हणजे दोन्ही पदार्थ वेगळे. लोहकिसातील अशुद्धींमुळे पहिल्या नळीलाही किंचित वास येऊ शकतो; तेवढ्यावरून गोंधळू नये. वासाऐवजी लेड ॲसिटेटने भिजवलेली कागदाची पट्टी नळीच्या तोंडाशी धरावी. हायड्रोजन सल्फाइडने ती ठळक काळी होते.

सावधान: हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि जास्त प्रमाणात असताना तो घ्राणशक्तीच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे कधीही समजू नये. कण दोनच घ्यावेत आणि फ्यूम हूड चालू असावे.

## टप्पा ६ : प्रमाणाची परीक्षा

येथे मोरचुदाचे उदाहरण घ्यावे, कारण ते दोन्ही बाजूंनी फसवते. निळे मोरचूद कोरडे दिसते, पण तापवले की पाणी सोडते आणि पांढरे पडते. म्हणून ते ‘कॉपर सल्फेट आणि पाणी यांचे मिश्रण’ वाटते. वजन केले की शंका फिटते. २५ ग्रॅम शुद्ध निळ्या स्फटिकांतून जवळपास ९ ग्रॅम पाणी निघते आणि १६ ग्रॅम पांढरी भुकटी उरते. ५० ग्रॅममधून १८ आणि ३२. स्फटिक कोठूनही आणला, तरी प्रमाण हेच, कारण कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू स्फटिकाच्या रचनेत ठरलेल्या जागी असतात. म्हणून निळे मोरचूद हे संयुग आहे. तेच मोरचूद पाण्यात विरघळवले तर द्रावण फिके करावे की गडद, हे आपण ठरवतो. ते मिश्रण आहे. दोन्ही निळे, दोहोंत पाणी, आणि निकाल मात्र वेगळे.

वजन करताना भुकटी तापवून, थंड करून तोलावी आणि सलग दोन वजने सारखी येईपर्यंत हे पुन्हा करावे. थंड होताना ती हवेतील बाष्प शोषते, म्हणून झाकण ठेवावे. भुकटी काळपट होऊ लागली तर आच जास्त झाली असून कॉपर सल्फेटचेही विघटन सुरू झाले आहे. तो नमुना हिशेबात धरू नये.

काही घन संयुगांचे प्रमाण किंचित ढळते हेही खरे आहे. लोहाच्या एका ऑक्साइडमध्ये लोहाचे अणू ऑक्सिजनपेक्षा थोडे कमी असतात आणि ती तूट लहान मर्यादेत बदलते. प्राथमिक अभ्यासात असे पदार्थ क्वचितच येतात, पण ‘प्रत्येक संयुगात प्रमाण काटेकोर पूर्णांकांतच असते’ असे ठासून लिहिणे टाळावे.

## टप्पा ७ : रासायनिक विघटन

नमुना भौतिक पद्धतींनी वेगळा झाला नाही, त्याचे प्रमाणही पक्के दिसते, तरच विघटनाकडे वळावे. पाण्याचे विद्युत अपघटन, म्हणजे वीज सोडून केलेले विघटन, हे येथील नेहमीचे उदाहरण. शुद्ध पाण्यातून वीज फारच थोडी वाहते, म्हणून त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घालतात. हाताशी आहे म्हणून मीठ घालू नये; तसे केल्यास धन अग्रावर ऑक्सिजनबरोबर विषारी क्लोरीनही निघू लागतो आणि आकारमानाचे प्रमाण बिघडते.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन आकारमानाने २ : १ मिळतात. वस्तुमानाने हेच प्रमाण १ : ८ आहे, म्हणजे १८ ग्रॅम पाण्यात २ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन. ही दोन प्रमाणे एकमेकांच्या जागी लिहिणे ही फार नित्याची चूक आहे; प्रत्येक आकड्यापुढे ‘आकारमानाने’ किंवा ‘वस्तुमानाने’ असे लिहावेच. कार्बनचे अग्र वापरल्यास ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा कमी भरतो, कारण त्यातील काही भाग कार्बनशीच संयोग पावतो.

उष्णता निघाली किंवा शोषली गेली, एवढ्यावरून रासायनिक बदल झाला असे या टप्प्यातही समजू नये. नवसागर पाण्यात विरघळताना पाणी गार होते, कॉस्टिक सोडा विरघळताना ते तापते, आणि दोन्ही वेळा हाती येते ते द्रावणच.

## टप्पा ८ : उत्तर लिहिणे

उत्तरात निकालासोबत तो कोणत्या चाचणीने मिळाला हे यावे. ‘मिठाचे पाणी मिश्रण आहे कारण मीठ वेगळे करता येते’ हे वाक्य अपुरे आहे. पाण्यातूनही हायड्रोजन वेगळा करता येतोच. ‘केवळ पाणी आटवल्यावर मूळचे मीठ जवळपास तेवढ्याच वजनाचे परत मिळाले, आणि मिठाचे प्रमाण ५ ग्रॅम व १० ग्रॅम असे बदलूनही द्रावण तयार झाले, म्हणून हे समांगी मिश्रण आहे’ असे लिहावे. संयुगासाठी घटक मूलद्रव्यांचे गुणधर्म आणि तयार पदार्थाचे गुणधर्म यांतील किमान एक प्रत्यक्ष पाहिलेला फरक नोंदवावा.

नमुना एकाच वेळी दोन्ही वर्गांत मोडतो असे वाटले, तर बहुधा दोन पातळ्या मिसळलेल्या असतात. सोडावॉटर हे मिश्रण आहे. त्यातील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ही संयुगे आहेत. आणि विरघळलेल्या वायूचा लहानसा अंश पाण्याशी अभिक्रिया पावून कार्बोनिक आम्ल हे आणखी एक संयुग तयार करतो. अशा वेळी ‘संपूर्ण नमुना’ आणि ‘त्यातील प्रत्येक पदार्थ’ असे दोन रकाने आखून उत्तरे वेगवेगळी भरावीत.

शेवटी आवराआवर. उरलेले आयर्न सल्फाइड कोरड्या, झाकणाच्या बाटलीत नाव लिहून ठेवावे. ज्या मोरीत किंवा भांड्यात आम्ल ओतले जाते तेथे ते टाकू नये, अन्यथा तेथेही हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. आम्लाच्या चाचणीच्या नळ्या फ्यूम हूडमध्येच भरपूर पाण्याने विरळ कराव्यात आणि वायूचे बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढाव्यात. बाजूला ठेवलेला चौथा भाग मात्र उत्तर तपासून होईपर्यंत टाकू नये.